बँकेच्या व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये चुका आहेत, जबाबदारी कोणाची? (कसबा बावडा, कोल्हापूर, जुना फ्लॅट)

पंचगंगाकाठ
ठरलेली किंमत ४८ लाख. संचकार (इसाऱ्याची रक्कम) दिला आहे, खरेदीपत्राला ४५ दिवस आहेत. बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरने ६१२ चौ. फूट × ६,८०० असे ४१.६२ लाख काढलेत. विक्रेत्याच्या खरेदीपत्रात कार्पेट ६३.५० चौ. मी. आहे, म्हणजे ६८३.५ चौ. फूट. इमारतीचं वय १६ वर्षं लिहिलंय, भोगवटा प्रमाणपत्र ११ वर्षांपूर्वीचं आहे. शेऱ्यात नुसतं "पूरबाधित क्षेत्र". बँक ८० टक्के देते, त्यामुळे ३८.४० ऐवजी ३३.२९ लाखच मिळतात. फी आमच्याकडून घेतली, मग चुकीला जबाबदार व्हॅल्युअर, बँक की विक्रेता?

मोजपट्टी
जबाबदारी ठरवण्याआधी ६१२ हा आकडा आला कुठून ते पाहा. फरक ७१.५ चौ. फुटांचा, म्हणजे ६.६४ चौ. मी. हा बहुतेक बाल्कनीचा असणार. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. त्याआधीच्या खरेदीपत्रांत बाल्कनी सर्रास कार्पेटमध्ये धरलेली असते. मंजूर नकाशावर बाल्कन्यांची मापं बघा. ती ६.६४ भरली तर व्हॅल्युअरने माप चुकवलेलं नाही, व्याख्या बदलली आहे.

पण मग दर कुठल्या क्षेत्रावर काढलाय? तुलनेला घेतलेले सौदे सूची क्र. २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) मधल्या जुन्या, बाल्कनीसकटच्या क्षेत्रावर असतील, तर ६,८०० हा दर त्या मोठ्या क्षेत्राचा. तो ६१२ ला लावणं ही खरी चूक, आणि ही व्हॅल्युअरचीच. मोजमाप आणि दर एकाच मापाचे हवेत.

बाल्कनी परवानगी न घेता बंद करून खोलीत घेतली असेल तर गोष्ट वेगळी. ते क्षेत्र वगळणं बरोबर, आणि त्याचं उत्तर विक्रेत्याने द्यायचं.

पंचगंगाकाठ
नकाशा मिळाला. दोन बाल्कन्या, ३.१० आणि ३.५४ चौ. मी. दोन्ही उघड्याच आहेत. रिपोर्टमधले तिन्ही सौदे खरेदीपत्रातल्या क्षेत्रावरचे.

कर्जखाते
म्हणजे तुमची बाजू पक्की. ६,८०० × ६८३.५ = ४६.४८ लाख, त्याचे ८० टक्के ३७.१८ लाख. कर्जात ३.८९ लाखांची भर. उरलेले १.२२ लाख मात्र मताच्या फरकाचे. व्हॅल्युअरला दर ६,८०० वाटतो, तुम्ही ७,०२३ ने घेताय; ही चूक नव्हे, त्यावर भांडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला ८० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे आणि मुद्रांक व नोंदणी खर्च त्या किमतीत धरत नाहीत. ती रक्कम वेगळी तयार ठेवा.

वयाचं काय ते विचारा. १६ हा आकडा बहुधा बांधकाम परवान्याच्या तारखेवरून घेतलाय. निव्वळ सौद्यांच्या तुलनेवर दर काढला असेल तर फरक किरकोळ. बांधकामाचा भाग वेगळा काढून घसारा लावला असेल तर हिशेब असा: आयुष्य ६० वर्षं, भंगारमूल्य १० टक्के. १६ वर्षांना २४ टक्के घसारा, ११ ला १६.५. बांधकाम २,००० रुपये चौ. फूट धरलं तर फुटाला १५० रुपयांचा फरक, एकूण लाखभर.

आता कोणाला लिहायचं. व्हॅल्युअर बँकेने नेमलाय आणि रिपोर्ट बँकेच्या नावाने आहे. फी तुमच्या खिशातून गेली तरी त्याचा करार बँकेशीच. म्हणून पत्र शाखेला, कर्ज अर्ज क्रमांक घालून, पोच घेऊन. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, खरेदीपत्राचं क्षेत्रफळाचं पान, मालमत्ता पत्रक आणि घरफाळ्याची पावती. रि. स. नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) आणि सि. स. नं. (सिटी सर्व्हे नंबर) दोन्ही जुळतात का तेही पाहा. आपल्याकडे वॉर्डाचं अक्षर चुकलं की भलतीच मिळकत निघते. "फेरमूल्यांकन करा" असं लिहू नका, त्याला नवी फी लागते. "तथ्यात्मक दुरुस्ती करून सुधारित अहवाल द्यावा" असं लिहा. आणि व्हॅल्युअरला परस्पर फोन करून किंमत वाढवायला सांगू नका. तो दबाव समजला जातो आणि अर्जच अडकतो.

वकीलपेठ
कायद्याने पाहिलं तर तुमच्यापुढे उत्तरदायी बँक. व्हॅल्युअरकडून ती तिच्या कराराप्रमाणे वसूल करेल किंवा त्याला पॅनेलवरून काढेल. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे "किंमत कमी धरली" ही तक्रार टिकत नाही, कारण कर्ज किती द्यायचं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय. "कागद देऊनही उघड चूक दुरुस्त केली नाही, उत्तर दिलं नाही" ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडा. ग्राहक आयोगाचा रस्ता दोन वर्षांच्या आत खुला असतो, पण तिथे नुकसान आकड्यात सिद्ध करावं लागतं.

तुमचा खरा धोका संचकाराचा. कर्ज कमी मंजूर झालं म्हणून विक्रेत्यावर रक्कम परत करण्याचं बंधन आपोआप येत नाही. कागदात तशी अट हवी. नसेल तर आजच मुदतवाढीचं पुरवणी पत्र दोघांच्या सह्यांनी करून घ्या. बँकेच्या उत्तराला महिना गेला तर ४५ दिवसांतले १५ उरतात.

मोजपट्टी
पुराचा शेरा राहिला. "पूरबाधित" या एका शब्दात दोन गोष्टी मिसळल्यात. २०१९ किंवा २०२१ ला पाणी आलं होतं हे एक, आणि मिळकत निळ्या (नेहमीच्या मोठ्या पुराच्या) किंवा लाल (त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या आत आहे हे दुसरं. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते, त्यामुळे पुढे पुनर्विकास अडू शकतो आणि किमतीवर खरा परिणाम होतो. पाणी फक्त पार्किंगमध्ये आलं असेल तर परिणाम बराच कमी. महापालिकेच्या नगररचना विभागातून सि. स. नं. देऊन झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा घ्या. पत्रात विचारा की शेरा कोणत्या आधारावर आहे आणि त्यापोटी दरात किती वजावट केली. मिळकत रेषेच्या आत निघाली तर शेरा बरोबर आहे आणि ४८ लाखांचाच फेरविचार करा.