मदत हवी आहे: सँ-सीर-लापोपी (फ्रान्स) परिसरात पळायला वाटा

टेकडीवाली

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं भाच्याकडे तुलूझला जातोय. त्यातले चार दिवस लॉत नदीच्या खोऱ्यात काढायचे ठरलेत. मुक्काम तूर-द-फोरला, आणि नदीपलीकडे कड्यावर, पाण्यापासून शंभरेक मीटर उंच, सँ-सीर-लापोपी. (स्पेलिंगच्या मध्ये एक 'क्यू' आहे, तो उच्चारायचा नाही असं भाच्यानं तीनदा बजावलंय.) मध्ययुगीन दगडी घरं, उभ्या उताराची कौलं, वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास. २०१२ मध्ये फ्रेंच टीव्हीवरच्या मतदानात लोकांनी हे आपलं सगळ्यात आवडतं गाव म्हणून निवडलं होतं.

नवऱ्याला फोटो काढायचेत, मला पळायचंय. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन आहे आणि त्या आठवड्याच्या तक्त्यात एक १६ किलोमीटरचा लाँग रन आणि ६-७ चे दोन आहेत. ते बुडवायचे नाहीत. वय ४९, वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं, डावा गुडघा उतारावर कुरकुरतो. सराव वेताळ टेकडीवरचा, त्यामुळे खडीमातीची भीती नाही.

नदीच्या काठानं बूझिएस गावापर्यंत कड्यात कोरलेली एक वाट आहे असं कळलं. फोटोत फारच सुंदर दिसते, पण फोटोत सगळंच सुंदर दिसतं. तिथं खरंच पळता येतं का, की माणसांच्या गर्दीतून नुसतं 'पार्दाँ, पार्दाँ' करत चालावं लागतं? लाँग रन कुठे करू? मागे एकदा परदेशात ॲपनं दाखवलेली वाट धरली आणि चार किलोमीटर ट्रकच्या रस्त्याकडेनं जीव मुठीत धरून काढले, म्हणून यावेळी आधी विचारते.

इथे मी साडेपाचला बाहेर पडते. तिथे एकटीनं त्या वेळी निघणं ठीक आहे का? मोकाट कुत्री? आणि पाणी मिळतं, की कमरेला बाटल्या बांधूनच जायचं?

गोगलगाय

मदत काही नाही, फक्त जळफळाट. फोटो टाका.

घाटमाथा

साडेपाच विसरा! ऑक्टोबरच्या मध्यावर तिकडे सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो. घड्याळ उन्हाळ्याचं, म्हणजे एक तास पुढे केलेलं असतं आणि फ्रान्स तसाही त्याच्या वेळेच्या पट्ट्यात पश्चिमेला पडतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा साडेसहाला बूट घालून दारात उभा राहिलो. मिट्ट काळोख, आणि बेकरीसुद्धा बंद. शिवाय त्या दिवसांत नदीवर धुकं असतं, खोऱ्यात ते दहापर्यंत हटत नाही.

तुलूझकर

अकरा वर्षं इथे आहे, त्या खोऱ्यात सात-आठदा तरी पळलोय. जरा सविस्तर लिहितो.

काठावरची वाट पळण्यासारखी आहे, फक्त पूर्ण नाही. तिला 'शेमँ द आलाज' म्हणतात, म्हणजे नावा ओढायची वाट. पूर्वी लॉतमधून काओरची वाईन बोर्दोकडे जायची. जाताना प्रवाह नेई, उलट येताना माणसं किंवा जनावरं दोर लावून नाव ओढत काठानं चालायची. बूझिएसजवळ कडा सरळ पाण्यात उतरतो, तिथे पाऊल ठेवायलाच जागा नव्हती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात खडक आडवा कापून वाट काढली. एका बाजूला नदी, डोक्यावर खडकाचं छत. त्या कापलेल्या भागात तुलूझचे शिल्पकार दानिएल मॉनिए यांनी भिंतीवर मासे, शंखशिंपले कोरलेत. पायाखाली मात्र तिथे खडबडीत आहे, पाऊस पडला असेल तर निसरडा. एवढा तुकडा चाला. बाकी झाडाखालची सपाट माती आहे, तुमच्या गुडघ्याला आवडेल. गावाखालून बूझिएस साधारण ४ किलोमीटर. जाऊन येऊन तुमचा छोटा रन झाला.

गर्दी जुलै-ऑगस्टची. ऑक्टोबरात सकाळी एखादा कुत्रा फिरवणारा भेटेल, आणि कुत्रा बांधलेला असेल. रस्त्यावरची मोकाट कुत्री हा प्रकार इकडे नाही. शेतावरचं एखादं भुंकतं, पण कुंपणाच्या आत. निघण्याआधी एक काम करा: गावातल्या पर्यटन कचेरीत वाट उघडी आहे ना विचारा. दरड किंवा पुरामुळे ती बंद करतात, आणि बंदची पाटी असेल तर 'जरा बघून येते' करू नका.

डी ६६२ या रस्त्यावर चुकूनही पळू नका. नकाशात तो नदीला बिलगून छान दिसतो, म्हणजे ॲप तोच दाखवणार. अरुंद, कडेला पट्टी नाही, वळणावळणाचा.

वर पठारावर जायचं असेल तर ती मजा वेगळी आहे. त्या चुनखडीच्या पठाराला इथे 'कोस' म्हणतात. (आपला कोस अंतराचा, यांचा दगडाचा. पळताना मला दोन्ही एकच वाटतात.) खुरटे ओक, दगडावर दगड रचून केलेल्या बिनचुन्याच्या भिंती, गोल दगडी झोपड्या, आणि डोळ्यांभोवती काळा गॉगल लावल्यासारख्या मेंढ्या. पण सह्याद्रीतल्यासारखं टाकं किंवा झरा भेटेल या भरवशावर जाऊ नका. पाऊस पडतो तो चुनखडीच्या भेगांतून थेट खाली जातो, वर थेंब राहत नाही. पाणी सोबत हवंच. गावांत दफनभूमीच्या फाटकाशी बहुधा नळ असतो, मी तिथेच भरतो. 'नाँ पोताब्ल' लिहिलं असेल तर पिऊ नका.

खुणा: दगडावर किंवा झाडावर पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, 'जी.आर.'. पिवळा म्हणजे छोटी स्थानिक फेरी. फुली दिसली की तुम्ही चुकलात, मागे फिरा.

घाटमाथा

एक राहिलं. शिकार! सप्टेंबर ते फेब्रुवारी हंगाम असतो, पठारावर रानडुकरांमागे बंदुका घेऊन माणसं असतात, शनिवार-रविवारी जास्त. रस्त्याकडेला 'शास आँ कूर' (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर त्या बाजूला जाऊ नका. भडक केशरी काहीतरी अंगात हवं. काळी टाईट आणि काळा टी-शर्ट घालून ओकच्या जंगलात जाऊ नये, ताई.

टेकडीवाली

बाप रे. कुत्र्यांची भीती घालवलीत आणि बंदुका दिल्यात. माझे सगळे कपडे काळेच आहेत हो.

तुलूझकर, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. लाँग रनचं मात्र अजून कोडंच. काठानं दोनदा जाऊन येऊ का? १६ होतात, पण तेच तेच. पठार चढले तर परत उतरावं लागणार, आणि तिथेच गुडघा बोलतो.

तुलूझकर

परत येऊच नका ना! एकेरी पळा. तूर-द-फोरचा पूल ओलांडून सँ-सीरकडे, गावात न चढता खाली काठाला, बूझिएस, तिथला पूल ओलांडून सेले नदी लॉतला मिळते तिथवर, मग सेलेच्या कडेनं काब्रेरे. ऐनवेळी हिशेब चुकायला नको म्हणून १२-१३ धरा, उरलेले काब्रेरेच्या पुढे सेलेकाठी भरून काढा. संगमापर्यंतचा तुकडा मोठ्या रस्त्याचा आहे, तिथे डावीकडून चालत जा. सेलेचा रस्ता डांबरी आणि अरुंद, पण रहदारी थोडी. जी.आर. ६५१ ही त्याच दोन गावांना जोडते, मात्र पठारावरून. तुमच्यासाठी नको.

नवऱ्याला गाडी घेऊन पुढे काब्रेरेला पाठवा. तिथे पेश मेर्लची गुहा आहे, १९२२ मध्ये गावच्या पोरांनी शोधलेली. ठिपक्यांचे घोडे, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे, शेजारी माणसाच्या हाताचे ठसे. दिवसाला ७०० च माणसं आत सोडतात, तिकीट आधी काढा. फक्त आत फोटो काढू देत नाहीत, ते त्यांना आधीच सांगा.

टेकडीवाली

ते मी गुहेच्या दारात सांगेन.

नऊला निघते, शनिवार-रविवार सोडून. रोडचेच बूट चालतील ना? ट्रेलचे घेतले तर बॅगेत चकल्यांना जागा उरत नाही, आणि भाच्याला चकल्या कबूल केल्यात.

तुलूझकर

रोडचे चालतील. पाऊस असेल तर कापलेल्या वाटेवर भिंतीच्या बाजूनं चाला, बस. चकल्या जास्त आणा, तुलूझला बरेच भाचे आहेत.

टेकडीवाली

केशरी टोपी आज तुळशीबागेत घेतली. ८० रुपये. दुकानदार म्हणाला, "ताई, क्रिकेटची मॅच आहे का?"