मदत हवी आहे: कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर न्यावी का? (५ तारखेच्या आत ठरवायचंय)

तारकर्ली_स्टे
दुसऱ्या बँकेतून फोन आला होता, तुमची थकबाकी आमच्या कार्डावर वळवा, व्याज निम्म्याहून कमी पडेल म्हणून. बॅलन्स ट्रान्सफर. घेऊ का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. कार्ड वापरू नये वगैरे नको, त्याची वेळ गेली.

सुरमई
थकबाकी किती? जुना दर, नवा दर, फी, मुदत? काहीच लिहिलेलं नाहीत.

तारकर्ली_स्टे
१,२०,०००. जुना दर महिना साडेतीन टक्के, नवा दीड, १२ हप्ते. मिनिमम (बिलातली किमान भरायची रक्कम) ६,००० दर महिन्याला वेळेवर भरतोय, तरी रक्कम हलत नाही.

सुरमई
हलणार कशी? साडेतीन टक्क्यांनी व्याज ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६. सहा हजारांतले ४,९५६ इथेच गेले, मुद्दलात जेमतेम हजार. आणि थकबाकी असताना त्याच कार्डावर नवीन काही घेतलंत तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्ड अजून वापरताय का?

रेवंडीचो_झील
माझा आयक, सोना तारण ठेव आणि मोकळो हो. मी बँकेत गेलंय, तासाभरात पैसे गावले. व्याज कार्डाच्या पाव पण नाय.

खाडीपलीकडे
सोनं सोनं काय करता? हप्ता थकला तर लिलावाची नोटीस येते. घरातल्या बाईला विचारलंय का आधी? मी दोन वर्षांपूर्वी ट्रान्सफरच केलं, वर्षात फिटलं.

रेवंडीचो_झील
तुमका महिन्याचो पगार आसा म्हणान फिटला. हेचो होमस्टेचो धंदो सीझनचो.

आंबोळी
सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचा गुणांक) ७५० च्या वर असेल तर आयुष्यभर फी नसलेलं कार्ड मिळतं, विमानतळाच्या लाउंजसकट. मला मिळालं.

सुरमई
आंबोळी, त्यांनी ते विचारलेलं नाही.
तारकर्ली_स्टे, दीड टक्का घटत्या मुद्दलावर की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण १,२०,००० वर? घटत्यावर असेल तर हप्ता साधारण ११,००० आणि वर्षाचं व्याज १२,००० च्या आसपास. फ्लॅट असेल तर व्याजच २१,६००. फोनवर हे सांगत नाहीत, ईमेलवर लेखी मागा.

तारकर्ली_स्टे
घटत्यावर, असं फोनवरची बँकेची बाई म्हणाली. फी २ टक्के. कार्ड वापरतोय, होमस्टेचा किराणा आणि गॅस त्यावरच येतो.

खाडीपलीकडे
फी २,४००, तिचा जीएसटी ४३२. व्याजावरही जीएसटी, सव्वादोन हजार धरा. सगळं मिळून १७,००० च्या आसपास. आत्ता तेवढे पैसे तुम्ही साडेतीन-चार महिन्यांत व्याजात घालवताय. घ्या डोळे मिटून.

सुरमई
डोळे मिटून नको. मे संपत आला. वॉटर स्पोर्ट्स बंद झाले की तारकर्लीत ऑगस्ट संपेपर्यंत गिऱ्हाईक किती असतं? ११,००० चा हप्ता मात्र जूनपासूनच सुरू. एक चुकला की लेट फी, सिबिलला फटका आणि पुन्हा तेच चक्र. तीन हप्त्यांचे ३३,००० बाजूला आहेत का?

चाकरमानी_डोंबिवली
विषय निघालाच आहे तर, गणपतीला तुमच्याकडे खोली मिळेल का? आणि कोकण रेल्वेचं आरक्षण कधी सुटतं?

खाडीपलीकडे
६० दिवस आधी. पूर्वीचे १२० दिवस आता नाहीत.

तारकर्ली_स्टे
खोल्यांचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ३३,००० नाहीत, १५,००० आहेत. आईच्या पाटल्या आहेत, पण तिला विचारायचं नाही मला.

सुरमई
मग नव्या बँकेला दोन गोष्टी विचारा. १८ हप्ते मिळतात का, म्हणजे महिन्याला ७,७०० च्या जवळ येईल. आणि डिसेंबरच्या सीझनमध्ये एकदम भरून बंद केलं तर दंड किती? जुन्या कार्डाचं ५ तारखेचं मिनिमम मात्र भराच. ट्रान्सफर व्हायला काही दिवस जातात, तोवर देणं जुन्या बँकेचंच. किराणा रोखीने किंवा यूपीआयने सुरू करा आजपासून.

रेवंडीचो_झील
आवशीक इचार रे. ती नाय म्हणाची नाय.

तारकर्ली_स्टे
१८ हप्त्यांचं विचारलं. देतात, पण दर पावणेदोन. बंद करायचा दंड उरलेल्या मुद्दलावर ३ टक्के. हे परवडेल का? हिशोब कुणी करून देईल? ५ ला तीनच दिवस आहेत.

सुरमई
पावणेदोनने हप्ता ७,८५० च्या आसपास, व्याजावरचा जीएसटी वेगळा, पहिल्या महिन्यात ३७८. डिसेंबरपर्यंत सात हप्ते गेले तर मुद्दल ७८,००० उरेल, त्यावर दंड २,३४० आणि जीएसटी. तरी जुन्या कार्डापेक्षा खूप स्वस्त. पंधरा हजारांत पहिले दोन हप्तेही पुरे बसत नाहीत, जुलै-ऑगस्टचे पैसे कुठून येणार ते आधी लिहा.