सुदान: ‘दुष्काळ’ म्हणावं की ‘उपासमार’?

अथणीहून प्रश्न: वाचनालयाच्या फळ्यावर मी बातम्या लिहितो. सुदानच्या अल फाशर शहराबद्दल पेपरात ‘दुष्काळ’ असं येतं. आमच्याकडं दुष्काळ म्हटलं की पाऊस नाही, चारा नाही, तालुका यादीत आला का नाही, एवढंच डोक्यात येतं. वाचणारे विचारतात, तिकडंपण पाऊस गेला काय ओ? दुसरा शब्द आहे का?

निपाणी: क्रियापद बघा की. दुष्काळ ‘पडतो’, त्याला कर्ता नसतो. उपासमार मात्र ‘केली’ असंही म्हणता येतं. लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्यात 15 एप्रिल 2023 ला लढाई पेटली. मे 2024 पासून आरएसएफनं अल फाशरला वेढा घातला, पुढं शहराभोवती मातीचा बांधही घातला. बखरीतल्या भाषेत सांगायचं तर रसद मारली. त्यात पावसाचा काय दोष? ‘वेढ्यातली उपासमार’ लिहा.

बेळगाव: थोडा विरोध नोंदवतो. दुष्काळ म्हणजे फक्त अवर्षण, हा अलीकडचा सरकारी अर्थ. मूळ शब्द नुसता ‘वाईट काळ’. दामाजीपंतांच्या कथेत मंगळवेढ्याच्या कोठारात धान्य होतंच, लोक बाहेर उपाशी होते. तरी आपण त्याला दुष्काळच म्हणतो. शिवाय अन्नटंचाईच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत दुष्काळ ही शेवटची, पाचवी पायरी आहे: 20 टक्के कुटुंबांना जवळपास अन्नच नाही, 30 टक्के मुलं तीव्र कुपोषित, दहा हजारांमागं रोज दोन मृत्यू. शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये ती जाहीर झाली. नुसतं ‘उपासमार’ लिहिलं तर ही पायरी कळत नाही.

निपाणी: पायरी कळावी हे मान्य. पण फळ्यावर टक्केवारी कोण वाचणार, सर? कानडीतही ‘बरगाल’ म्हटलं की पाऊसच आठवतो.

खानापूर: तिथले लोक ‘अंबाज’ खाऊन राहिले, असं वाचलं असेल. काही ठिकाणी ‘पशुखाद्य’ असं भाषांतर छापलंय, त्यानं काहीच दिसत नाही. ती आपली पेंड हो! शेंगदाण्याचं, तिळाचं तेल काढून उरते ती, म्हशीच्या पाटीत टाकतो ती. ‘पेंड’च लिहा, घरोघरी समजेल.

आणि ‘यादवी’ जरा जपून वापरा. यादव आपसात लढून संपले. सुदानच्याच एल जिनेना शहरात 2023 मध्ये मसालित जमातीच्या लोकांना वेचून मारलं, त्याला यादवी कसं म्हणायचं? तो शब्द वाचला की आपसातलं भांडण म्हणून माणूस पान उलटतो.

अथणी: मग असं लिहितो: ‘दीड वर्षाच्या वेढ्यानंतर अल फाशर आरएसएफच्या ताब्यात (26 ऑक्टोबर 2025). वेढ्यात लोकांची उपासमार, पेंड खाऊन दिवस काढले.’ दुष्काळ जाहीर झाल्याचं खाली वेगळ्या ओळीत. चालेल?

बेळगाव: चालेल. फक्त अरबी उच्चार ‘फाशिर’ आहे, ‘फाशर’ नव्हे.