प्रतिसाद : संग्रहालयात कवी कशाला?
संग्रहालयांनी कवी नेमण्यावर 'कवी काय वारशाचं संशोधन करणार, चित्रांखाली चार ओळी डकवणार' असा आक्षेप घेतला गेलाय; तो अर्धाच पटला. डकवणारे असतात खरे. पण दक्षिण अमेरिकेतल्या गयानात जन्मलेल्या कवयित्री ग्रेस निकोल्स १९९९-२००० मध्ये लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात निवासी कवी (म्हणजे संग्रहालयाने काही काळासाठी नेमलेला कवी) होत्या. त्यांनी पिकासोच्या १९३७ च्या 'रडणारी बाई' या चित्रातल्या बाईलाच कवितेत बोलतं केलं. लाल टोपी, तिच्यावर निळं फूल, तोंडाशी चुरगळलेला रुमाल. ही बाई म्हणजे डोरा मार; कवितेत ती आपला चेहरा परत मागते.

आणि डोरा स्वतः कसलेली छायाचित्रकार! पिकासोचं 'गेर्निका' हे गाजलेलं युद्धविरोधी चित्र रंगत असताना टप्प्याटप्प्याने फोटो काढले ते तिनेच. तरी कित्येक वर्षं ओळख काय, तर पिकासोची प्रेयसी.