ट्रॅकवर चौथ्या लॅपला ब्रेकची लिव्हर ग्रिपला टेकते. ब्रेडेड (तारेच्या विणीचा) ब्रेक पाईप टाकू का?

वणाकाठचा_एनएस

नमस्कार मंडळी. आमचं गाव हिंगणघाटपासून आत, वणा नदीच्या काठाला. घरी कपाशी, आणि गाडी २०१४ ची पल्सर एनएस २००, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेली. मागच्या जानेवारीत वेचणी आटोपल्यावर पहिल्यांदा चेन्नईला ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायला गेलो. टाकीतलं पेट्रोल काढून, गाडी बारदान्यात बांधून नागपूरहून रेल्वे पार्सलने पाठवली होती. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा तो ३.७ किलोमीटरचा ट्रॅक.

पहिले तीन लॅप झकास गेले. चौथ्याला मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ ग्रिपला येऊन टेकली. बोटांना काही लागलंच नाही, ओला कापूस दाबल्यासारखं. पटापट दोन-तीनदा पंप केला तेव्हा थोडं पकडलं, पण तोवर वळण निघून गेलं होतं. गाडी सरळ मातीत उतरवली. पडलो नाही. अर्धा तास उभी ठेवली तर लिव्हर पुन्हा कडक. दुपारच्या सेशनला परत चौथ्याच लॅपला तेच.

गावात मात्र ब्रेक एकदम ठणठणीत. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं म्हणून राहिलो. ब्रेकचा पाईप कंपनीचाच रबरी आहे, गाडी घेतली तेव्हाचा. पॅड मागच्या वर्षीचे. ब्रेडेड स्टीलचा पाईप टाकला की हे थांबेल का? आणि घरी बसवता येतो का? आईला मातीत उतरल्याचं कळलं आहे. ब्रेक नीट झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर जाणार नाही, असं तिने सांगून ठेवलंय, आणि मला तिचं पटतं.

मोर्शीची_रायडर

दादा, टाकाच. मी दोन वर्षांपूर्वी टाकला. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना नाही, पण उतरताना फरक कळतो. एका बोटाने किती दाबलं आणि गाडी किती धरली, ते दर वेळी सारखं लागतं. फक्त प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या. माझा पहिला पाईप उघड्या तारेचा होता. सहा महिन्यांत त्याने पुढच्या मडगार्डला कानशीने घासावी तशी खाच पाडली. वायरिंगला लागला असता तर तीही कापली गेली असती.

वणीचा_मिस्त्री

भाऊ, पाईप टाकशील तं टाक, पन तुहा रोग पाईपाचा नाई. ब्रेक ऑइलाचा हाय. बत्तीस वर्षं झाले मोटरसायकली करतो, म्हनून आधी रोग ओळखू अन् मंग दवा.

गाडी ठंडी असतानीही लिव्हर भसभशीत लागते तं पाईप म्हातारा झाला किंवा आत हवा हाय. लिव्हर कडक लागते पन गाडी थांबत नाई, तं पॅड जास्त तापले. अन् गरम झाल्यावरच लिव्हर बसते, ठंडी झाली का परत येते, तं ऑइल उकळलं. तू जे लिवलं ते सारं हेच हाय.

ब्रेक ऑइल हवेतलं पानी ओढते. आपल्याकडचा पावसाळा पाय अन् तुह्या गाडीची वर्षं मोज. डॉट म्हंजे ब्रेक ऑइलाची जात. डॉट ४ नवं असते तवा कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत टिकते. पानी पिलं का १५५ वर येते. डॉट ३ आनखी खाली, २०५ अन् १४०. उकळलं का वाफ होते. ऑइल दाबल्या जात नाई, वाफ दाबल्या जाते, म्हनून तुही लिव्हर ग्रिपले टेकली. गावात ब्रेक एवढा तापतच नाई, मंग समजन कसं?

ऑइल आनशील तं सीलबंद आन. दुकानात फोडलेली बाटली पावसाळाभर फळीवर राह्यते, बूच अर्धं लावलेलं. त्यातलं कोनी देत असन तं घेऊ नको. डॉट ५.१ भेटलं तं बेस, ते २६० अन् १८० चं. पन नुसतं डॉट ५ आनू नको. नाव सारखं हाय, पन ते सिलिकॉनचं, तुह्या ऑइलात मिसळत नाई.

आता पाईप. रबर दाबानं फुगते, तुह्या बोटाची ताकद थोडी त्याच्यातच जाते. स्टीलच्या पाईपात आतून टेफ्लॉन अन् वरतून तारेची वीण, म्हनून तो फुगत नाई. त्यानं ब्रेक वाढत नाई. पहिल्या लॅपले लिव्हर जशी लागली तशीच नंतर लागते, एवढंच त्याचं काम. अन् ट्रॅकवर ते लय मोठं काम हाय. तुहा रबरी तसाही बदलायचाच झाला. वाकवून पाय, भेगा दिसतीन.

घरी होते, पन घाई करू नको. पाईपाचं टोक आवळनारा पोकळ बोल्ट म्हंजे बेंजो बोल्ट, त्याच्या दोन्ही बाजूच्या वायसरी नव्याच घाल. माह्या हातून एक डाव चूक झाली, जुन्याच तांब्याच्या वायसरी परत चढवल्या. त्याच्यावर आधीच्या दाबाची गोल खाच होती, नखाले लागत होती, तरी घातल्या. गिऱ्हाईक संध्याकाळी परत आलं तं मास्टर सिलेंडरातून (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलनारा भाग) ऑइल झिरपून टाकीवर उतरलेलं, अन् टाकीचा रंग फुगून पापुद्र्यासारखा सुटत होता. रंग मी भरून देला. पन लिव्हर रस्त्यावर बसली असती तं काय भरून देलं असतं? तवापासून माह्या दुकानात जुनी वायसर चढत नाई. तूही काम करताना टाकीवर ओलं फडकं टाक, थेंब पडला का लगेच पान्यानं धू.

बोल्ट १० एमएमचा राह्यते, पन आटे दोन जातीचे येतात, १.० अन् १.२५ एमएम अंतराचे. चुकीचा बोल्टही दोन-तीन आटे जाते अन् मंग अडकते. तिथं पाना लावला का कॅलिपर (चाकाजवळचा, पॅड दाबनारा भाग) गेला. हातानंच शेवटपर्यंत फिरला पायजे, मंगच टॉर्क पाना (किती आवळलं ते मोजनारा). आकडा मॅन्युअलातला घे, अंदाजानं आवळू नको.

पाईप लावला का हँडल दोन्हीकडं पुरं मोड. समोरचं चाक उचलून शॉकप पुरता लांब होऊ दे. पाईप कुठंच ताणला नाई पायजे अन् चाकाले लागला नाई पायजे.

एअर काढाले दोघं लागतात. एकानं लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं कॅलिपरवरचं निपल (हवा-ऑइल बाहेर काढाचा बारीक स्क्रू) सोडायचं, निपल बंद झाल्यावरच लिव्हर सोडायची. वरचा ऑइलाचा डबा रिकामा होऊ देऊ नको, नाईतर पयल्यापासून. नव्या पाईपात हवा वरच्या बेंजोजवळ अडकून बसते, तिथंही फडकं धरून बोल्ट जरासा सैल करून काढ.

यवतमाळ_२५०

काका, माझी गाडी २०२१ ची, एबीएसवाली. मलाही असंच घरी करता येईल का?

वणीचा_मिस्त्री

तुमच्या गाडीत एक पाईप नाई, मास्टरपासून एबीएसच्या डब्यापर्यंत येगळा अन् तिथून कॅलिपरपर्यंत येगळा. डब्यात हवा शिरली तं नुसत्या लिव्हरनं निघतच असं नाई, काही गाड्यांले मशीन जोडून डब्याचा पंप फिरवा लागते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या साऱ्या नव्या गाड्यांले एबीएस आलं, म्हनून हे सांगून ठेवतो. ते काम घरी करू नका.

वणाकाठचा_एनएस

काका, काल केलं. निपलला पारदर्शक नळी लावून जुनं ऑइल बाटलीत घेतलं तर काळ्या चहासारखं निघालं. तळाशी बारीक गाळ. दहा वर्षांत कोणी बदललंच नव्हतं, मीही नाही. पाईप वाकवून पाहिला, कॅलिपरजवळच्या टोकाला केसासारख्या भेगा होत्या.

आवरणवाला ब्रेडेड पाईप, नव्या वायसरी आणि सीलबंद डॉट ४ नागपूरहून आणलं. ५.१ मिळालं नाही. बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला. पॅडही बदलले.

लिव्हर धरायला आई बसली. मी "सोड" म्हटल्याशिवाय तिने एकदाही बोटं ढिली केली नाहीत. पाऊण तास लागला. शेवटी नळीत बुडबुडा येणं थांबलं.

वणीचा_मिस्त्री

डॉट ४ चालते, पन ट्रॅकले जाच्या आधी दर वेळी नवं भर. आता रातभर लिव्हर दाबून बांधून ठेव अन् दोन्ही बेंजोखाली पांढरा कागद ठेव. बोल्टापासून पाईपाच्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मार. बोल्ट ढिला झाला का रेघ तुटलेली दिसन. दर सेशनले निघाच्या आधी ती पाय. अन् नवे पॅड इथंच मोकळ्या रस्त्यावर पंचवीस-तीस डाव हळूहळू थांबवून बसवून घे, ट्रॅकवर कोरे नेऊ नको.

वणाकाठचा_एनएस

जुन्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर बांधली होती. सकाळी मी उठायच्या आत आईनेच सोडली आणि दाबून पाहिली. म्हणाली, "दगडासारखं लागते आता." दोन्ही कागद कोरडे. रेघा मारल्या. आज संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर पॅड बसवतो, आणि गुरुवारी गाडी नागपूरला पार्सलला.