कोळसा-पोलादातून युरोप एक झाला, मग आपल्याकडे कुठे अडलं?

रामबागची_लेक (इंदूर)

राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. सेमिनारला युरोपीय एकीकरणाचा विषय आलाय. तारखा पाठ आहेत : ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमान यांची कोळसा-पोलाद एकत्र करायची घोषणा, १८ एप्रिल १९५१ ला त्याचा समुदाय स्थापणारा पॅरिस करार, २५ मार्च १९५७ ला आर्थिक समुदायाचा रोम करार. पण मूळ गोष्टच पटत नाही. १८७०, १९१४ आणि १९३९, तीनदा एकमेकांशी लढलेले हे देश. युद्ध संपून पाच वर्षं होतात न होतात तोच फ्रान्सने जर्मनीबरोबर भागीदारी करायचं ठरवलं कसं? आणि सुरुवात कोळसा-पोलादानेच का? दक्षिण आशियाई देशांची संघटना सार्क १९८५ पासून आहे, तरी दक्षिण आशियातला आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. नुसतं ‘इच्छाशक्ती नाही’ लिहून भागणार नाही, मॅडम लगेच पकडतील.

लष्कर_ग्वाल्हेर

आधी माणसं बघ. शूमान जन्माने लक्झेंबर्गचे, जर्मनीचे चान्सलर आदेनाउर ऱ्हाइनकाठचे, इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी तर तरुणपणी ऑस्ट्रियाचे नागरिक होते. तिघंही सीमेवरच्या मुलखातले, तिघांनाही जर्मन येत होतं. योजना मात्र फ्रान्सच्या नियोजनाचे प्रमुख ज्यां मोने यांच्या टेबलावर तयार झाली.

सियागंज_बारदान (इंदूर)

बेटा, माझं आयुष्य सियागंजात बारदानाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात गेलं. ५० किलो धान्याचं ५८० ग्रॅमचं तागाचं पोतं नुसतं हातात घेतलं तरी ते नवं की एकदा भरलेलं ते मला सांगता येतं. म्हणून तुझ्या प्रश्नाकडे मी तागाच्या बाजूने बघतो.

फ्रान्सकडे लोरेनचं लोहखनिज होतं, पण भट्टीला लागणारा चांगला कोक (कोळशापासून केलेलं इंधन) जर्मनीच्या रूर खोऱ्यात. एकाकडे खनिज, दुसऱ्याकडे कोळसा. आता आपला १९४७ चा नकाशा समोर ठेव. अखंड हिंदुस्थानातला बहुतेक कच्चा ताग पूर्व बंगालात पिकायचा आणि गिरण्या हुगळीच्या काठाला. पूर्व बंगालात एकही गिरणी नव्हती. शेत एका देशात, माग दुसऱ्या देशात. आपलं लोरेन आणि रूर हेच होतं.

पुढे काय झालं ते बघ. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, भारताने मागोमाग रुपया उतरवला, पाकिस्तानने उतरवला नाही. त्यांचे १०० रुपये आपल्या १४४ रुपयांना पडू लागले. भारताने तो दर मानला नाही. तिकडून ताग अडला, इकडून आपण कोळसा अडवला. दर मान्य करायला फेब्रुवारी १९५१ उजाडलं. तोवर पाकिस्तानने स्वतःच्या गिरण्यांची तयारी केली होती आणि आपण भाताच्या जमिनीत ताग लावत होतो. पूर्व बंगालातल्या नारायणगंजची आदमजी ताग मिल १९५१ चीच. म्हणजे ज्या महिन्यांत पॅरिसमध्ये कोळसा एका टेबलावर आणायचं चाललं होतं, त्याच महिन्यांत आपण जे एक होतं ते तोडत होतो. मला ही गोष्ट आजही फार लागते.

‘एका टेबलावर’ म्हणजे काय, ते नीट लिही, कारण सगळं तिथेच आहे. फ्रान्स, जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा-पोलाद समुदायाचा कारभार बघायला उच्च प्राधिकरण नेमलं. नऊ सदस्य, आणि त्यांनी स्वतःच्या देशाच्या सरकारकडूनही हुकूम घ्यायचा नाही असं करारातच लिहिलेलं. त्याला कारखान्यांवर थेट पट्टी बसवायचा अधिकार होता, उत्पादनाच्या १ टक्क्यापर्यंत. त्या पैशातून काम गेलेल्या मजुरांना नवं काम शिकवलं, आणि स्वस्त कोळसा काढणाऱ्या जर्मन-डच खाणींवरच्या वेगळ्या पट्टीतून बेल्जियमच्या तोट्यातल्या खाणींना हात दिला. आणि रेल्वेचं भाडं! पूर्वी कोळशाची वाघीण सीमा ओलांडली की भाडं पुन्हा पहिल्या किलोमीटरपासून मोजायचे. लांब पल्ल्याला दर कमी पडतो, तो फायदा सीमेवर बुडायचा. हे पुन्हा मोजणं बंद केलं. ज्याने सेंधव्याच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा पाहिल्यात आणि इकडे पेढीवर बसून बिल्टीची वाट पाहिलीय, त्याला हे किती मोठं काम ते वेगळं सांगायला नको.

अलकापुरी_वडोदरा

काका, तुलना मनाला भिडते, पण जर्मनी हरलेला आणि व्याप्त देश होता. रूरवर १९४९ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण होतंच. आदेनाउर यांना गमवायला काही नव्हतं, उलट बरोबरीची खुर्ची मिळत होती. शिवाय अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा आणि समोर रशियाची भीती. भारत-पाकिस्तानात यातलं काय होतं? काश्मीरचं युद्ध नुकतंच थांबलेलं.

सियागंज_बारदान (इंदूर)

बरोबरीच्या खुर्चीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, बेटा, सेमिनारमध्ये तो घेच. फ्रान्सने जे नियंत्रण जर्मनीवर लादलं होतं, तेच स्वतःवरही घेतलं, म्हणून करार झाला. पण पाकिस्तान बाजूला ठेवू. बांगलादेशाशी तर आपलं युद्ध नाही. तरी जानेवारी २०१७ मध्ये आपण त्यांच्या तागाच्या सुतावर, कापडावर आणि पोत्यांवर अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात विकलेल्या बाहेरच्या मालावरचा जादा कर) लावलं, आणि २०२२ च्या शेवटी ते पुढे वाढवलं. आपल्या गिरणी-मजुराचं पोट त्यात आहे, ते मी नाकारत नाही. पण बेल्जियमच्या खाणींचा प्रश्नही असाच होता. तिथे वाद नेण्यासाठी एक सामायिक जागा होती. इथे आपणच फिर्यादी आणि न्यायाधीशही आपलाच.

लहान शेजाऱ्याचंही बघ. २०१५ मध्ये थिंफूत बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा वाहनांचा करार झाला आणि भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो अडवला. एवढ्याशा देशात बाहेरचे ट्रक शिरले तर आपलं काय, ही त्यांची भीती. १८३४ च्या जर्मन जकात संघात प्रशियाने जमा झालेली जकात लोकसंख्येप्रमाणे वाटली, म्हणून लहान संस्थानं टिकून राहिली. मात्र जकात एक झाली की मनं एक होतात असं लिहू नकोस. १८६६ मध्ये याच संघातली बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर प्रशियाच्या विरुद्ध लढली.

लष्कर_ग्वाल्हेर

लहानांच्या मानाचा विषय निघालाय तर हेही घे. १९५२ मध्ये प्राधिकरणाचं कार्यालय कुठे, यावर मंत्री रात्रभर भांडले. बेल्जियमला ब्रसेल्स नको, लिएजच हवं होतं. शेवटी लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री बेक यांनी ‘तोपर्यंत आमच्याकडे बसा’ म्हटलं. युरोपीय संसद अजूनही ब्रसेल्स आणि स्ट्रासबूर्ग असा प्रवास करते. आपल्याला हे नवं नाही. १९४८ मध्ये मध्यभारत झाला तेव्हा शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख, आणि राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाली, तरी उच्च न्यायालयाची खंडपीठं दोन्ही शहरांत राहिली.

रामबागची_लेक (इंदूर)

ताग आणि रूर समोरासमोर ठेवते. काका, पोलाद समुदायाचा शेवट कसा झाला? तो मोडला का?

सियागंज_बारदान (इंदूर)

मोडला नाही. करार ५० वर्षांचाच होता, २३ जुलै २००२ ला मुदत भरली आणि काम युरोपीय समुदायाकडे गेलं. आदमजी मिल त्याच उन्हाळ्यात, ३० जूनला, तोट्यामुळे बंद झाली. दोन्ही तारखा एकाच स्लाइडवर टाक. मॅडमनी रेल्वे-भाड्याचं विचारलं तर इथेच लिही, वाघिणीचा हिशेब मी आकडे मांडून समजावून देईन.