वृद्धाश्रमातल्या आत्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी आत्या (वय ८१, अविवाहित) पुण्याजवळच्या एका खासगी वृद्धाश्रमात आहे. दरमहा पैसे भरतो, सुरुवातीला अनामत रक्कमही दिली आहे. अलीकडे तिचा मोबाईल ऑफिसात जमा करून घेतलाय. भेट फक्त रविवारी, तीही मावशीबाई शेजारी उभ्या असताना. रात्री पलंगावरून पडू नये म्हणून हात बांधतात, असं आत्यानं हळूच सांगितलं. मनगटावर वळ दिसले. विचारलं तर मॅनेजर म्हणतात, "नियम पटत नसतील तर घेऊन जा." अनामतीबद्दल मात्र चकार शब्द नाही! कराराची प्रतही देत नाहीत.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा वाचला. त्यातलं प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून किंवा नातेवाइकांकडून मिळणाऱ्या निर्वाहासाठी आहे. इथे तक्रार संस्थेविरुद्ध आहे. मग जायचं कुठे? पैसे देऊन सेवा घेतोय, म्हणून अनामतीसाठी जिल्हा ग्राहक आयोग ठीक वाटतो. पण हात बांधण्याचं काय? समाजकल्याण कार्यालय, की थेट पोलीस? १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन कुणी वापरली आहे का? त्यांचा माणूस प्रत्यक्ष येऊन पाहतो का?

मुख्य भीती ही की तक्रारीचा राग आत्यावर निघेल. आधी तिला हलवावं की आधी पुरावे, डॉक्टरांचा दाखला वगैरे गोळा करावे? आत्याची बुद्धी शाबूत आहे, सही करते. तक्रार तिच्याच नावे द्यावी का? "घरीच का ठेवत नाही" हा सल्ला कृपया नको. अनुभव असलेल्यांनी सांगावं.